एक किलोचं बाळ, दोन पट्ट्या आणि चार डिपार्टमेंट

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढलीय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)



आज विषय आहे वाकणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सचा. म्हणजे फ्लेक्सिबल इलेक्ट्रॉनिक्स आणि त्यातून बनणारे सेन्सर. हे नाव ऐकलं की आपल्याला पहिल्यांदा घडी होणारा फोन आठवतो. तो आज बाजूला ठेवू. आज मी तुम्हाला शिकागोजवळच्या एका युनिव्हर्सिटीतल्या टीमबद्दल सांगणार आहे. मटेरियल सायन्सवाले, मेकॅनिक्सवाले, त्वचारोगतज्ज्ञ आणि नवजात बाळांचे डॉक्टर यांनी एकत्र येऊन दोन छोट्या पट्ट्या बनवल्या. त्यांचा पेपर १ मार्च २०१९ ला ‘सायन्स’ या जर्नलमध्ये आला. मी दिवसभर बॅकएंड कोड लिहिते, हार्डवेअर हा माझा प्रांत नाही. तरी हा पेपर मला आवडतो, कारण त्यात खरा प्रश्न कोणी विचारला हे फार स्वच्छ दिसतं.

तर आधी प्रश्न बघू.

२८ आठवड्यांचं, म्हणजे जवळजवळ तीन महिने लवकर जन्मलेलं बाळ डोळ्यांसमोर आणा. वजन साधारण एक किलो. किराणा दुकानातली साखरेची एक पुडी. हे बाळ एनआयसीयूमध्ये आहे. त्याच्या छातीवर ईसीजीचे इलेक्ट्रोड चिकटवलेले. पायाला लाल दिव्याचा पल्स ऑक्सिमीटर गुंडाळलेला. तापमानाचा एक सेन्सर. ब्लडप्रेशरसाठी इवल्याशा हाताला पट्टा, किंवा थेट धमनीत घातलेली नळी. या प्रत्येकातून वायर निघते आणि भिंतीजवळच्या मॉनिटरला जाते.

यात दोन अडचणी आहेत.

पहिली त्वचेची. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर आपल्याला बाहेरच्या जगापासून वाचवतो. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळात तो थर तयारच झालेला नसतो, आणि त्वचेचे थर एकमेकांना नीट धरूनही नसतात. त्यामुळे चिकटपट्टी काढताना पट्टीबरोबर त्वचाही निघू शकते. मग जखम, मग इन्फेक्शनचा धोका, आणि कधीकधी आयुष्यभराचा व्रण. म्हणजे बाळाला वाचवायला लावलेला सेन्सरच बाळाला इजा करतो.

दुसरी अडचण आईची. एवढ्या वायरांमधून बाळाला उचलून छातीशी धरायचं कसं? एक वायर निसटली की अलार्म वाजतो. आई घाबरते, नर्स धावत येते, आणि पुढच्या वेळी बाळाला हात लावायलाही भीती वाटते.

तुम्ही म्हणाल, आईने धरलं काय, नाही धरलं काय, बाळ काचेच्या पेटीत सुरक्षित आहे ना? इथे थोडं थांबू.

छातीशी धरणं हाही उपचार आहे

१९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर अपुरे पडत होते. तिथले डॉक्टर एडगर रे सानाब्रिया यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवायला सुरुवात केली. यालाच आज ‘कांगारू मदर केअर’ म्हणतात. आपल्याकडच्या अनेक सरकारी हॉस्पिटलांमध्येही तुम्ही हे शब्द भिंतीवरच्या पोस्टरवर वाचले असतील.

पूर्वी पद्धत अशी होती की बाळ आधी स्थिर होऊ द्यायचं, मग आईकडे द्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका मोठ्या अभ्यासाने हा क्रम उलटून पाहिला. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया असे पाच देश. आपल्याकडचं केंद्र दिल्लीचं सफदरजंग हॉस्पिटल. १ किलो ते १.७९९ किलो वजनाची ३,२११ बाळं. एका गटाला जन्मानंतर लगेच आईच्या छातीवर ठेवलं, दुसऱ्या गटाला स्थिर झाल्यावर. २०२१ मध्ये निकाल आला. २८ दिवसांच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण दुसऱ्या गटात १५.७ टक्के होतं, लगेच छातीशी ठेवलेल्या गटात १२ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास वेळेआधी थांबवला.

म्हणजे बाळ सगळ्यात नाजूक असताना, त्याच्यावर सतत नजर ठेवायची गरज असताना, नेमकं तेव्हाच त्याला आईजवळ ठेवणं महत्त्वाचं आहे. आणि नजर ठेवायची म्हटली की वायरी आल्या. आता या प्रश्नाचं वजन लक्षात आलं असेल.

सिलिकॉन वाकतं कसं?

चला, थोडं मागे जाऊ. चिप सिलिकॉनची बनते आणि सिलिकॉन काचेसारखं ठिसूळ. एक टक्का ताणलं की तडकतं. त्यामुळे बरीच वर्षं अनेकांचा विचार असा होता की वाकणारं सर्किट हवं तर सिलिकॉन सोडा, प्लास्टिकसारखे सेंद्रिय पदार्थ घ्या. त्या वाटेनेही मोठं काम झालंय, पण वेगाच्या बाबतीत सिलिकॉन पुढे राहिलं.

जॉन रॉजर्स हे बेल लॅब्समधून २००३ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन कॅम्पसला आले. तिथे मेकॅनिक्सचे प्राध्यापक होते योंगगांग ह्वांग. एक पदार्थ बनवणारा, दुसरा ताण आणि दाब यांचं गणित मांडणारा. या जोडीचा मूळ मुद्दा सोपा आहे: ठिसूळपणा पदार्थाचा असतो, पण कडकपणा जाडीवरही ठरतो.

बुरूडकाम आठवा. आख्खा बांबू वाकवायला गेलात तर तुमचेच हात दुखतील. बुरूड त्याच बांबूच्या पातळ पट्ट्या काढतो आणि टोपली विणतो. बांबू तोच, जाडी वेगळी.

आता आकडे बघू. वाकवण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. नेहमीची सिलिकॉनची चकती साधारण अर्धा मिलिमीटर जाड. तिच्याऐवजी १०० नॅनोमीटरची फिल्म घेतली तर जाडी ५,००० पट कमी, आणि वाकवायला लागणारा जोर ५,००० चा घन, म्हणजे साडेबारा हजार कोटी पट कमी. अंगठ्याएवढ्या, म्हणजे एक सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर अर्धा मिलिमीटरची चकती गुंडाळली तर तिच्या पृष्ठभागावर अडीच टक्के ताण येतो. ती तुटणारच. १०० नॅनोमीटरच्या फिल्मवर तोच ताण ०.०००५ टक्के. तिला पत्ताही लागत नाही.

पण वाकणं वेगळं आणि ताणणं वेगळं. कागद वाकतो, ताणला की फाटतो. आपली त्वचा मात्र ताणली जाते. कोपर दुमडून बघा.

यावरचं उत्तर कुठल्याही शिलाईकाम करणाऱ्या बाईला माहीत आहे. फ्रॉकच्या कमरेला इलॅस्टिक लावताना आधी इलॅस्टिक ताणून धरतात, त्यावर कापड शिवतात आणि मग सोडतात. इलॅस्टिक आखडतं, कापडाला चुण्या पडतात. नंतर कंबर ताणली की चुण्या उघडतात, कापड फाटत नाही. रॉजर्स, ह्वांग आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००६ च्या ‘सायन्स’मधल्या पेपरात सिलिकॉनच्या अतिपातळ पट्ट्यांचं हेच केलं. पीडीएमएस नावाचं मऊ रबर ताणायचं, त्यावर सिलिकॉन चिकटवायचं, रबर सोडायचं. सिलिकॉनच्या लाटा होतात. लाटांची लांबी-उंची किती असेल, कुठे तुटेल, हे ह्वांग यांचं गणित सांगतं. एकाच्या प्रयोगशाळेत लाट दिसली आणि दुसऱ्याच्या वहीत ती समजली, असं हे काम.

२००७ मध्ये ह्वांग नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गेले. दोनशेहून जास्त किलोमीटर अंतर पडलं, पण काम चालूच राहिलं. २०११ मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा ‘एपिडर्मल इलेक्ट्रॉनिक्स’ हा पेपर आला. लहानपणी च्युइंगगमबरोबर पाण्याने चिकटवायचे टॅटू मिळायचे ना? अगदी तसं सर्किट. नागमोडी तारा, त्वचेइतकी मऊ फिल्म, आणि चिकटायला गोंदही नाही. पाल भिंतीला ज्या बळावर धरून राहते त्याच व्हॅन डर वाल्स बळावर हे सर्किट त्वचेला धरून राहतं. हृदयाचे, स्नायूंचे, मेंदूचे सिग्नल त्यांनी त्यातून घेतले. गळ्यावर लावून, बोललेल्या शब्दांवरून एक कॉम्प्युटर गेमही खेळून दाखवला.

टेक्नॉलॉजी म्हणून जबरदस्त. पण एक प्रश्न उरतोच: हे नक्की कोणाला हवंय?

स्पेक कोणी लिहिला?

२०१६ मध्ये रॉजर्सही नॉर्थवेस्टर्नला आले. या युनिव्हर्सिटीचं मेडिकल स्कूल शिकागो शहरात आहे, शेजारीच बाळंतपणाचं प्रेंटिस हॉस्पिटल आणि मुलांचं लुरी हॉस्पिटल. तिथे एमी पॅलर या मुलांच्या त्वचारोगतज्ज्ञ, शुआई शू हे इंजिनिअरिंग शिकलेले त्वचारोगतज्ज्ञ, आणि एरन हॅमवास हे नवजात बाळांचे डॉक्टर या कामात जोडले गेले.

आता या मंडळींचे प्रश्न एकमेकांशेजारी ठेवून बघा. इंजिनिअर विचारतो: किती पातळ? किती ताणलं जाईल? किती अचूक? त्वचारोगतज्ज्ञ विचारते: काढताना काय होईल? बाळांचा डॉक्टर विचारतो: ब्लडप्रेशर पडायला लागलं तर मला वेळेत कळेल का? आणि वॉर्डात काम करणाऱ्याला पाहिजे असतं की एक्स-रे किंवा एमआरआय काढायचा झाला तर दरवेळी हे सगळं सोडवत बसायला लागू नये.

‘काढताना काय होईल’ हा प्रश्न लॅबमध्ये सहज सुचणारा नाही, कारण तिथे सेन्सर मोठ्या, निरोगी माणसाच्या हातावर लावून बघतात. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ते हेच. एकदा हा प्रश्न टेबलावर आला की डिझाइनचं सगळं गणित बदलतं. चिकटण्याची ताकद वाढवायची नाही, कमी करायची. पण कमी चिकटणारी पट्टी टिकायची असेल तर ती हलकी हवी आणि त्वचेबरोबर हलायला हवी, म्हणजे तिच्यावर ओढच येणार नाही. हलकी हवी तर बॅटरी नको. बॅटरी नको तर वीज कुठून आणायची? बघा, त्वचारोगतज्ज्ञाचा एक प्रश्न थेट पॉवर सप्लायपर्यंत पोचला.

उत्तर तुमच्या खिशात आहे. मेट्रो कार्डात बॅटरी नसते. गेटजवळ नेलं की गेटच्या चुंबकीय क्षेत्रातून कार्डातल्या कॉइलला वीज मिळते आणि त्याच वाटेने डेटाही जातो. एनएफसी, १३.५६ मेगाहर्ट्झ. या टीमने बाळाच्या गादीखाली अँटेना ठेवला. एक पट्टी बाळाच्या छातीवर, तिच्यातून ईसीजी. दुसरी पायाच्या तळव्याला गुंडाळलेली, तिच्यातून रक्तातला ऑक्सिजन. दोन्हींमध्ये तापमान. वायर एकही नाही. पट्ट्या पारदर्शक, त्यामुळे खालची त्वचा लाल झालीय का हे न काढता दिसतं. एक्स-रे आणि एमआरआयमध्येही त्या चालतात.

आता आपल्या कामाचा भाग

सॉफ्टवेअरवाल्यांनो, हा भाग तुमच्यासाठी.

एनएफसीची वाट अरुंद आहे. सगळा कच्चा डेटा बाहेर ढकलायचा आणि मग सर्व्हरवर निवांत विचार करायचा, ही चैन इथे नाही. त्यामुळे हृदयाचा ठोका ओळखण्याचं काम पट्टीवरच होतं. त्याची पद्धत १९८५ च्या प्रसिद्ध पॅन-टॉम्पकिन्स अल्गोरिदमच्या धर्तीची: नको त्या फ्रिक्वेन्सी गाळा, उतार काढा, वर्ग करा म्हणजे टोकदार भाग उठून दिसेल, सरासरी घ्या, आणि उंबरठा ओलांडला की ठोका मोजा. क्लाउडच्या जमान्यात शिकलेल्या आपल्यासारख्यांनी एकदा हा अल्गोरिदम हाताने लिहून बघावा. मजा येते आणि साधेपणाची किंमत कळते.

पण खरी गंमत दोन घड्याळांची आहे. हृदय आकुंचन पावतं तेव्हा छातीवर ईसीजीचं टोक दिसतं. रक्ताची लाट पायापर्यंत पोचायला सेकंदाचा छोटासा अंश लागतो, तेव्हा पायाच्या पट्टीला ठोका दिसतो. दाब जास्त असेल तर धमन्यांच्या भिंती ताठ होतात आणि लाट लवकर पोचते. दाब कमी झाला की उशिरा. म्हणजे या दोन क्षणांमधलं अंतर मोजलं, तर धमनीत नळी न घालता ब्लडप्रेशर कुठल्या दिशेने चाललंय याचा सतत अंदाज मिळतो.

अट एकच. दोन्ही पट्ट्यांची वेळ जुळलेली हवी. समजा दोन स्वतंत्र डिव्हाइस आहेत आणि त्यांच्या घड्याळांमध्ये दहा लाखांत फक्त २० चा फरक आहे. साध्या क्रिस्टलसाठी हे अगदी नेहमीचं. तरी एका तासात ७२ मिलिसेकंदांचा घोळ होतो. जी गोष्ट मोजायची तीच काही मिलिसेकंदांनी बदलते, आणि आपलं घड्याळच तासाला ७२ ने सरकतंय. म्हणून दोन पट्ट्या ‘एकाच वेळेवर’ चालवणं हा या पेपरचा कणा आहे. डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्सच्या इंटरव्ह्यूसाठी आपण घड्याळांचं सिंक्रोनायझेशन पाठ करतो. इथे त्यावर बाळाच्या धमनीत नळी घालायची की नाही हे अवलंबून आहे.

टीमने शिकागोच्या त्या दोन हॉस्पिटलांमध्ये, २८ आठवड्यांच्या बाळांपासून पूर्ण दिवसांच्या बाळांपर्यंत, नेहमीच्या मॉनिटरच्या जोडीने या पट्ट्या लावल्या आणि आकडे ताडून पाहिले. जुनी यंत्रणा काढून टाकली नाही, दोन्ही शेजारी शेजारी चालवल्या. आपण नवीन सर्व्हिस जुन्यासोबत समांतर चालवून आउटपुट जुळवतो तसंच. आणि पट्ट्या लावलेल्या असताना बाळ पालकांच्या छातीवर राहू शकलं. सगळ्या आलेखांपेक्षा मला हेच महत्त्वाचं वाटतं.

काय सुटलेलं नाही

हे ऐकून ‘झालं, प्रश्न मिटला’ असं समजू नका. दोन ठोक्यांमधल्या अंतरावरून ब्लडप्रेशर काढायचं तर प्रत्येक बाळासाठी आधी नेहमीच्या पद्धतीने मोजून पट्टी जुळवून घ्यावी लागते. गादीखालच्या अँटेनाची पोच थोडीच, बाळ लांब नेलं की पट्टी गप्प. म्हणून याच टीमने पुढे ब्लूटूथ आणि छोट्या बॅटरीचे प्रकारही बनवले.

आणि एक गोष्ट आपल्या कातडीची, शब्दशः. ऑक्सिजन मोजणारे सेन्सर त्वचेतून प्रकाश पाठवून काम करतात. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या संशोधकांनी मोठ्या माणसांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पल्स ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्ततपासणीत ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ११.७ टक्के होतं, गोऱ्या रुग्णांमध्ये ३.६ टक्के. सेन्सर वाकणारा असो की कडक, प्रकाशाचं हे भौतिकशास्त्र बदलत नाही. मग सेन्सर कोणत्या रंगाच्या त्वचेवर तपासला, हा प्रश्न विचारायला आपल्याइतकी योग्य माणसं कोण? सावळ्या, गव्हाळ, काळ्या त्वचेची बाळं आपल्याकडे जन्मतात.

आपण काय घ्यायचं

आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला ‘स्मार्ट हेल्थ मॉनिटरिंग सिस्टिम’ हा प्रोजेक्ट दर कॉलेजात दोन-तीन ग्रुप तरी करतात. ऑनलाइन मागवलेला मॅक्स ३०१०२ सेन्सर, एक मायक्रोकंट्रोलर, छोट्या स्क्रीनवर हृदयाचे ठोके. त्यात वाईट काही नाही, हात बसतो. पण त्या प्रोजेक्टचा स्पेक कोणी लिहिलेला असतो? बाजारात मिळालेल्या सेन्सरने. रुग्ण कोण, तो सेन्सर कोण लावणार, कोण काढणार, यातलं काहीच त्यात नसतं.

शिकागोच्या टीमकडे पैसा होता, क्लीनरूम होती, हे खरंच आहे. ते आपण उद्या उभं करू शकत नाही. पण इंजिनिअरिंगच्या पोरांनी मेडिकल कॉलेजच्या दारापर्यंत जाणं याला क्लीनरूम लागत नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत दोन्ही कॉलेजं रिक्षाच्या अंतरावर आहेत. परवानगी घ्या, रीतसर पत्र द्या, आणि वॉर्डातल्या सिस्टरना एवढंच विचारा: या सगळ्या यंत्रांपैकी तुम्हाला सगळ्यात जास्त वेळा काय काढून पुन्हा लावावं लागतं? आणि काढताना काय होतं?

उत्तर ऐकून घ्या, लिहून घ्या. सेन्सर नंतर मागवा.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्यापैकी कोणी बायोमेडिकल किंवा नर्सिंगमध्ये असेल तर मला नक्की कळवा, तुमचं म्हणणं पुढच्या भागात वाचून दाखवेन. भेटू पुन्हा. काळजी घ्या.